जैविक प्रयोगशाळेतील रक्षाविधी : सुरक्षित कार्यपद्धती व संरक्षक साधने

प्रास्ताविक

दि. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी नाशिक येथे देशातील पहिल्या फिरत्या 'जैवसुरक्षा पातळी-३' प्रयोगशाळेचे उद्घाटन तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या हस्ते झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने ही प्रयोगशाळा तयार झाली. दुर्गम व वनप्रदेशात एखादा अपरिचित संसर्ग उद्भवल्यास नमुने शहरात येण्याची वाट न पाहता प्रयोगशाळेनेच तेथे जावे, हा तिचा हेतू होय. सप्टेंबर २०२३ मध्ये केरळातील कोझिकोड येथे निपाहचा उद्रेक झाला, तेव्हा अशी फिरती प्रयोगशाळा तेथे पाठविण्यातही आली.

आपल्याच शहरात घडलेल्या या घटनेकडे आयुर्वेदक्षेत्राने केवळ वृत्त म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते. चाकांवर उभ्या केलेल्या एवढ्याशा जागेत घातक विषाणू हाताळूनही तेथील शास्त्रज्ञ सुरक्षित राहतात आणि बाहेरचा परिसरही सुरक्षित राहतो, ते कशामुळे? पांढऱ्या पोशाखामुळे, असे सामान्यतः मानले जाते. कारण छायाचित्रात तोच दिसतो. वस्तुतः पोशाख हा या रक्षणाचा शेवटचा पदर आहे. त्याच्या आधी जागेची रचना, उपकरणांची योजना आणि कामाची शिस्त असे तीन पदर असतात. आपल्या अनेक संस्थांनी पोशाख तेवढा उचलला आणि आधीचे तीन पदर मागेच राहिले. प्रस्तुत लेखात या चारही पदरांचा क्रमाने विचार केला आहे.

संहितांतील दृष्टी

संसर्गाची कल्पना आयुर्वेदास नवी नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद यांसारखे औपसर्गिक रोग निकट संपर्क, स्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शयन आणि दुसऱ्याची वस्त्रे वापरणे यांद्वारे एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जातात, असे सांगितले आहे. संसर्गाच्या मार्गांची ही यादी आजच्या जैवसुरक्षेच्या पाठ्यपुस्तकातील यादीपासून फार दूर नाही. व्रणितोपासनीय अध्यायात व्रणिताच्या आगाराची स्वच्छता, धूपन व रक्षाविधी सांगितला आहे. योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माचा अभ्यास आधी फळे, मशक इत्यादींवर करून मगच रुग्णावर हात चालवावा, असा दंडक आहे.

या वारशाचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र त्यातून नेमके काय घ्यावयाचे हे ठरविले पाहिजे. संहितेतून रक्षणाची बुद्धी घ्यावी. साधने मात्र कालानुरूप असावीत. धूपनाच्या जंतुघ्नतेवर संशोधन जरूर व्हावे, परंतु फरशीवर सांडलेल्या जंतूंच्या संवर्धावर धूपन हा उपचार नव्हे. शिवाय धुराचे कण हवा गाळणाऱ्या यंत्रणेची गाळणी लवकर भरून टाकतात. तिथे योग्य तीव्रतेचे रासायनिक जंतुनाशक व पुरेसा संपर्ककाल यांस पर्याय नाही.

आपल्या प्रयोगशाळेत धोका कोठे आहे?

'आपण काही विषाणूंवर काम करीत नाही, मग हा विचार आपल्याला कशाला?' असा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या कामातच आहे.

पहिले उदाहरण औषधपरीक्षणाचे घेऊ. आयुर्वेदीय औषधिकोशाच्या मानकांनुसार चूर्णे व इतर कल्पांत एकूण जंतुसंख्या आणि बुरशीची संख्या ठराविक मर्यादेत असावी लागते. तसेच ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्यूडोमोनस एरुजिनोझा यांचा अभाव सिद्ध करावा लागतो. हे परीक्षण करताना आपण चूर्णातील मोजके जंतू पोषक माध्यमात घालून मुद्दाम वाढवितो. ई. कोलायची संख्या अनुकूल स्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे एका जंतूपासून दहा तासांत, निदान गणिताने तरी, शंभर कोटींहून अधिक जंतू होतात. चूर्णाच्या डबीत नसलेला धोका इन्क्युबेटरमध्ये असा रातोरात उत्पन्न होतो. पावसाळ्यात साठविलेल्या वनस्पतींवरील अस्पर्जिलस जातीची बुरशी संवर्धित करतानाही हेच घडते, आणि तिचे बीजाणू झाकण उघडताच हवेत पसरतात.

दुसरे उदाहरण पदव्युत्तर प्रबंधांचे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय नाशिक येथेच आहे, आणि राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध अनिवार्य असतो. हरिद्रा, निंब, त्रिफळा, गुग्गुळ यांच्या जंतुघ्न कर्माचे परीक्षण हा त्यातील लोकप्रिय विषय होय. पेट्री डिशमध्ये जंतू पसरून औषधाभोवती पडलेल्या मोकळ्या वर्तुळाचा व्यास मोजावयाचा, अशी ही पद्धत. ज्या विद्यार्थ्याने पदवी अभ्यासक्रमात जिवंत संवर्ध क्वचितच हाताळलेला असतो, तो एकदम स्टॅफिलोकॉकसच्या संवर्धासमोर बसतो. तो संवर्ध रुग्णाच्या व्रणातून मिळविलेला असेल, तर अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा असण्याचीही शक्यता असते.

तिसरे उदाहरण रक्ताचे. रोगनिदान विभागातील तपासण्या, तसेच सिरावेध व जलौकावचारण यांवरील संशोधन यांत रक्ताशी थेट संबंध येतो. जलौकेच्या पचनमार्गात एरोमोनस जातीचे जंतू स्वभावतःच असतात. रुग्णाचे रक्त प्यायलेली जलौका हा रक्ताचा नमुनाच मानला पाहिजे. वाग्भटांनी एकदा वापरलेली जलौका सात दिवस पुन्हा लावू नये असे म्हटले आहे. रक्तजन्य विषाणूंचे ज्ञान झाल्यावर आज त्यापुढे जाऊन एका रुग्णाची जलौका दुसऱ्या रुग्णास कधीही लावू नये, हा नियम पाळणे आवश्यक आहे.

संसर्ग कसा होतो?

प्रयोगशाळेत चार मार्गांनी संसर्ग होतो : श्वासातून, तोंडातून, त्वचेवरील छेदातून वा टोचण्यातून, आणि डोळे व नाक यांच्या श्लेष्मल त्वचेतून. यांपैकी टोचणे लक्षात येते. श्वासातून जाणारे लक्षात येत नाही. अमेरिकेतील रॉबर्ट पाइक यांनी १९७६ मध्ये प्रयोगशाळाजन्य संसर्गाच्या ३,९२१ नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी वीस टक्क्यांहूनही कमी प्रकरणांत निश्चित असा अपघात सांगता आला. उरलेल्या व्यक्ती 'काहीच घडले नाही' अशा दिवशी बाधित झाल्या होत्या.

याचे एक प्रमुख कारण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तुषार. पिपेटमधील द्रव जोराने बाहेर फुंकणे, नळी वेगाने हलविणे, तापलेली लूप थंड होण्याआधी संवर्धात बुडविणे, सेंट्रिफ्यूजचे झाकण लगेच उघडणे, या प्रत्येक क्रियेत तुषार उडतात. त्यांतील पाच मायक्रॉनहून लहान कण हवेत दीर्घकाळ तरंगतात व फुप्फुसाच्या वायुकोशापर्यंत पोहोचतात.

महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात क्यासनूर वनरोग आढळला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, त्या विषाणूवर काम करणाऱ्यांना प्रयोगशाळेतच लागण झाल्याच्या नोंदी आहेत. हाच रोग २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात दिसून आला. जंगलात गोचिडीमार्फत पसरणारा हा रोग प्रयोगशाळेत गोचिडीवाचूनही होऊ शकतो, हा त्यातील धडा होय.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे. सप्टेंबर २००३ मध्ये तेथील एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास सार्स झाला. तो सार्सवर काम करीतच नव्हता. त्याचा विषय वेस्ट नाइल विषाणू हा होता. चौकशीत आढळले, की त्याच्या नमुन्यांत त्याच प्रयोगशाळेतील सार्स विषाणूची भेसळ झाली होती. प्रयोगशाळा तिसऱ्या पातळीची होती, तरी कामाची शिस्त शिथिल होती. सुदैवाने तो बरा झाला व पुढे कोणासही लागण झाली नाही. संशोधनाच्या टेबलावर आपल्या शेजारी कोण काय हाताळतो हे माहीत असणेही रक्षणाचाच भाग आहे.

पातळी ठरवावी कशी?

जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळा जैवसुरक्षा पुस्तिका प्रथम १९८३ मध्ये निघाली. प्रचलित वर्गीकरणानुसार प्रयोगशाळांच्या चार पातळ्या मानल्या जातात.

पातळी-१ : निरोगी व्यक्तीस सहसा रोग न करणारे सूक्ष्मजीव. उघड्या टेबलावर काम चालते. अ‍ॅप्रन, हात धुण्याची सोय व मूलभूत शिस्त पुरते.

पातळी-२ : रोगकारक, परंतु उपाय उपलब्ध असलेले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, साल्मोनेला, रक्तातून पसरणारा हिपॅटायटिस-बी विषाणू हे यात येतात. प्रवेश मर्यादित, दारावर जैवधोक्याचे चिन्ह, तुषार उडविणाऱ्या कामास बायोसेफ्टी कॅबिनेट, जवळ ऑटोक्लेव्ह. आयुर्वेद संस्थांतील बहुतेक सूक्ष्मजैविक संशोधन या पातळीचे असते.

पातळी-३ : हवेतून पसरून गंभीर रोग करणारे, उदाहरणार्थ क्षयजंतूंचे संवर्ध. येथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, जेणेकरून दार उघडले तरी हवा आतच ओढली जाईल. बाहेर सोडावयाची हवा हेपा गाळणीतून जाते. एकापाठोपाठ दोन दारे असतात व दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत. नाशिक येथे उद्घाटन झालेली फिरती प्रयोगशाळा या पातळीची आहे.

पातळी-४ : प्राणघातक, आणि ज्यांवर बहुधा लस वा खात्रीचा उपचार नाही असे विषाणू, निपाह, क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वर इत्यादी. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो ज्वराचा उद्रेक झाला, त्यात उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांचाही मृत्यू झाला. त्याचे निदान पुण्याच्या संस्थेने केले. त्याच संस्थेची पाषाण येथील चौथ्या पातळीची प्रयोगशाळा २०१२ मध्ये सुरू झाली.

उपरोक्त पुस्तिकेच्या २०२० मधील चौथ्या आवृत्तीने एक महत्त्वाचा विचार पुढे आणला : केवळ जंतूचे नाव पाहून पातळी ठरवू नये, कोणते काम, किती प्रमाणात, कोणत्या हातांनी होणार आहे हेही पाहावे. वैद्यांस हा विचार परका वाटू नये. द्रव्य तेच असले तरी मात्रा, संस्कार, काल व रुग्णबल यांनुसार त्याचा परिणाम बदलतो, हे आपण रोज अनुभवतो. क्षयरुग्णाच्या थुंकीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे वेगळे आणि त्याच थुंकीतील जंतू वाढविणे वेगळे.

यातूनच रक्षणाचा पहिला पदर निघतो : कमी धोक्याचा मार्ग निवडणे. राजयक्ष्म्यावरील कल्पाचे प्राथमिक परीक्षण करावयाचे असल्यास क्षयजंतूऐवजी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा सौम्य व शीघ्र वाढणारा जंतू वापरता येतो. आशादायक फल मिळाल्यास पुढील काम तिसऱ्या पातळीची मान्यताप्राप्त सोय असलेल्या संस्थेकडे सोपवावे. महाविद्यालयातील उघड्या टेबलावर क्षयजंतूंचा संवर्ध कोणत्याही कारणास्तव करू नये.

लॅमिनार आणि बायोसेफ्टी कॅबिनेट : एक घातक गैरसमज

दुसरा पदर उपकरणांचा. येथे आमच्या पाहण्यात वारंवार येणारा एक गैरसमज स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. अनेक संस्थांत 'लॅमिनार आहे' म्हणजे सुरक्षितता आहे असे समजले जाते. लॅमिनार टेबलातील गाळलेली हवा कामाच्या वस्तूवरून वाहत काम करणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्यामुळे वस्तू निर्जंतुक राहते; काम करणारा मात्र वस्तूवरून आलेली हवा श्वासात घेतो. माध्यम ओतणे किंवा वनस्पतींच्या ऊतींचे संवर्धन यांसाठी ते उत्तम आहे. रोगकारक जंतूंसाठी ते धोकादायक आहे.

दुसऱ्या वर्गाच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये पुढील फटीतून हवा आत ओढली जाते, वरून गाळलेली हवा खाली येते आणि बाहेर जाणारी हवा पुन्हा हेपा गाळणीतून जाते. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते. त्यामुळे वस्तू, व्यक्ती व परिसर या तिन्हींचे रक्षण होते. खरेदीचे पत्रक काढताना हा भेद ध्यानी ठेवावा. कॅबिनेट वापरताना पुढील पथ्ये पाळावीत :

१) काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर पाच मिनिटे पंखा चालू ठेवावा.
२) पुढील जाळीवर वही, हात वा साहित्य ठेवू नये.
३) हात सरळ आत-बाहेर न्यावेत, आडवे हलविल्यास हवेचा पडदा तुटतो.
४) आत बर्नर पेटवू नये, ज्योतीमुळे हवेचा प्रवाह विस्कळीत होतो.
५) अतिनील दिवा हा पुसून घेण्यास पर्याय नव्हे. तो चालू असताना समोर बसू नये.
६) वर्षातून एकदा तरी गाळणी व प्रवाह यांची तपासणी करून घ्यावी.
७) वीज गेल्यास हवेचा पडदा तत्क्षणी नाहीसा होतो. अशा वेळी सर्व पात्रे झाकून, हात काढून, काच खाली घ्यावी आणि वीज येऊन प्रवाह स्थिर होईपर्यंत काम थांबवावे. आपल्याकडील वीजपुरवठा ध्यानी घेता हा प्रसंग अपवादात्मक नाही.

कार्यपद्धतीची शिस्त

तिसरा पदर पैशांनी विकत मिळत नाही. पिपेट तोंडाने ओढू नये. प्रयोगशाळेत खाणे, पिणे, तंबाखू खाणे, सौंदर्यप्रसाधने लावणे हे वर्ज्य असावे. जेवणाचा डबा नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवू नये. मोबाइल हातमोज्यांनी हाताळून तोच कानाला लावणे हा आजचा नवा दोष आहे. लांब केस बांधावेत. साडीचा पदर व ओढणी अ‍ॅप्रनच्या आत खोचावी. अंगठ्या, बांगड्या व मनगटावरील धागे कामापूर्वी काढावेत किंवा मोज्यांखाली नीट झाकावेत. खंडेनवमीस उपकरणांची पूजा अवश्य करावी. नारळ फोडणे व प्रसाद वाटणे मात्र प्रयोगशाळेच्या दाराबाहेर व्हावे.

वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याची शंका आल्यास यंत्र बंद करून अर्धा तास झाकण उघडू नये. तोवर तुषार खाली बसतात. काम संपताच आणि बाहेर पडण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. हातमोजे घातले होते म्हणून हात धुण्याची आवश्यकता संपत नाही.

संरक्षक साधने

आता चौथा पदर. साधन कामानुसार निवडावे. सर्व साधने सर्व वेळी घालणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळ्यात अनावश्यक पोशाखाने घामाघूम झालेली व्यक्ती वारंवार चेहरा पुसते, आणि त्यातूनच संसर्गास वाट मिळते.

अ‍ॅप्रन : पुढून बंद, लांब बाह्यांचा, मनगटावर घट्ट असावा. तो प्रयोगशाळेतच राहावा. उपाहारगृहात, वसतिगृहात वा घरी नेलेला अ‍ॅप्रन हा दुसऱ्याचे रक्षण करीत नाही, उलट संसर्ग वाहून नेतो. पादत्राणे पूर्ण बंद असावीत. चप्पल चालणार नाही.

हातमोजे : नायट्रिलचे मोजे बहुतेक कामांस योग्य. लॅटेक्सची काहींना अ‍ॅलर्जी असते. फाटताच वा दूषित होताच बदलावेत. एकदा वापरलेले धुऊन पुन्हा घालू नयेत. मोजे घातलेल्या हाताने दाराची मूठ, दिव्याची बटणे, संगणक यांस स्पर्श करू नये.

मुखपट्टी व श्वसनरक्षक : शस्त्रक्रियेची मुखपट्टी मोठे थेंब अडविते, तिच्या कडांतून हवा आत येते. एन-९५ श्वसनरक्षक ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवितो, परंतु चेहऱ्याशी घट्ट बसला तरच. दाढी असल्यास तो नीट बसत नाही. प्रथम वापरापूर्वी त्याची बसण्याची चाचणी व्हावी. सुंठ, पिंपळी, वचा यांची चूर्णे करताना धूळ अडविण्यासही तो उपयोगी आहे.

डोळ्यांचे रक्षण : उडण्याची शक्यता असेल तेथे बंद चष्मा किंवा मुखकवच. नेहमीचा चष्मा पुरेसा नाही.

साधने घालण्याचा क्रम असा : प्रथम अ‍ॅप्रन किंवा गाऊन, मग मुखपट्टी वा श्वसनरक्षक, नंतर चष्मा, शेवटी हातमोजे, आणि मोज्यांच्या कडा बाह्यांवर. काढताना सर्वाधिक दूषित वस्तू प्रथम : हातमोजे, मग चष्मा, मग गाऊन, सर्वांत शेवटी मुखपट्टी, आणि लगेच हात धुणे. संसर्ग बहुधा घालताना नव्हे, काढताना होतो, म्हणून हा क्रम भिंतीवर लावून पाठ करून घ्यावा. हातमोजा बाहेरून चिमटीत धरून उलटा काढावा आणि दुसरा उघड्या बोटांनी आतून ढकलून काढावा, जेणेकरून बाहेरच्या पृष्ठभागास त्वचेचा स्पर्श होणार नाही.

सांडल्यास, टोचल्यास

संवर्ध सांडल्यास इतरांना सावध करून बाजूस करावे. मोजे घालून सांडलेल्या भागावर शोषक कागद टाकावा, त्यावर कडेकडून मध्याकडे ताजे बनविलेले १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतावे, अर्धा तास थांबावे, मग काचेचे तुकडे चिमट्याने उचलून भाग पुन्हा पुसावा. हायपोक्लोराइट उन्हात व उघड्या बाटलीत क्षीण होते, म्हणून ते रोज ताजे असावे. टेबल पुसण्यास ७० टक्के अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, कारण प्रथिने विघटित होण्यास पाण्याची गरज असते. मात्र जंतूंच्या बीजाणूंवर त्याचा उपयोग होत नाही.

सुई टोचल्यास जखम दाबू वा पिळू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच वरिष्ठांस कळवावे. बाधित रक्ताच्या एका टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, तर हिपॅटायटिस-बी होण्याची शक्यता लस न घेतलेल्या व्यक्तीत ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत उत्तम, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. 'बघू उद्या' या वृत्तीस येथे जागा नाही. वैद्य म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : अशा प्रसंगी आयुर्वेदीय रसायन-चिकित्सेवर विसंबून ही औषधे टाळणे अक्षम्य होय. हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा, शून्य, एक व सहा महिन्यांच्या क्रमाने, प्रयोगशाळेत प्रवेश घेण्यापूर्वीच पूर्ण व्हाव्यात.

निर्जंतुकीकरण व कचरा

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे आयुष रुग्णालये तसेच संशोधन व शैक्षणिक संस्था यांसही स्पष्टपणे लागू आहेत. प्रयोगशाळेतील संवर्ध व रक्तनमुने संस्थेतच पूर्वप्रक्रिया करून मगच पिवळ्या पिशवीत जावेत. दूषित प्लॅस्टिक व हातमोजे लाल पिशवीत. सुया-पाती पांढऱ्या, न छेदल्या जाणाऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या डब्यात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक साठवू नये.

माध्यम निर्जंतुक करण्यास १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे पुरतात. कचऱ्यासाठी साध्या ऑटोक्लेव्हमध्ये त्याच तपमानास किमान ६० मिनिटे लागतात. प्रयोग संपलेल्या पेट्री डिश माध्यमाच्याच वेळेत काढून कचऱ्यात टाकणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. ऑटोक्लेव्हची टेप काळी पडली म्हणजे तपमान गाठले एवढेच कळते. जंतू मेले याची खात्री जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंच्या चाचणीनेच होते. हा कचरा उचलणारा सफाई कामगार आपल्या प्रबंधाच्या प्रास्ताविकात कधीच येत नाही, परंतु आपल्या निष्काळजीपणाची किंमत प्रथम त्यालाच मोजावी लागते.

नोंदींचे महत्त्व : मुल्कोवालचा धडा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःवर टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी या लसीच्या एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला आणि दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे पुराव्यांच्या फेरतपासणीत दिसले, की बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्या संस्थेस त्यांचे नाव मिळाले.

एका चिमट्यातून १९ जीव गेले, आणि सत्य बाहेर येण्यास पाच वर्षे लागली. ते बाहेर आले ते केवळ बाटल्यांचे क्रमांक, दिनांक व साक्षी उपलब्ध होत्या म्हणून. आपल्या प्रयोगशाळेत संवर्ध कोठून आला, कोणी हाताळला, कधी नष्ट केला, ऑटोक्लेव्ह कोणत्या दिवशी किती वेळ चालला, कोणास काय टोचले, यांची वही असलीच पाहिजे. अपघात सांगणाऱ्या विद्यार्थ्यास रागावले, तर पुढचा विद्यार्थी सांगणार नाही. म्हणून अपघाताची नोंद ही शिक्षेची वही होऊ नये.

संस्थांसाठी सूचना

१) प्रबंधाचा विषय मंजूर करतानाच 'कोणता जंतू, कोठे व कोणत्या पातळीवर' हा प्रश्न विचारला जावा. जनुकीय बदल केलेले किंवा धोकादायक सूक्ष्मजीव असल्यास १९८९ च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती असणे आवश्यक आहे. इतर ठिकाणीही छोटी समिती उपकारक ठरेल.
२) जिवंत संवर्ध देण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून रंगीत पाणी व निरुपद्रवी जंतू यांवर सराव करून घ्यावा. योग्यासूत्रीय अध्यायाचा हाच आशय आहे.
३) सोय नसल्यास काम मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावे, त्यात कमीपणा नाही.
४) सफाई कामगार व प्रयोगशाळा सहायक यांचेही प्रशिक्षण व लसीकरण संस्थेच्या खर्चाने व्हावे.

समारोप

आयुर्वेदाचे प्रयोजन सांगताना स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण आधी येते, रोग्याच्या रोगाचे प्रशमन नंतर. संशोधन करणारा विद्यार्थी, सहायक व सफाई कामगार हे स्वस्थच असतात. त्यांचे स्वास्थ्य राखणे हे आपल्या शास्त्राच्या प्रथम प्रयोजनातच येते. काम काय आहे ते आधी ओळखावे, मग जागा व उपकरण ठरवावे, मग शिस्त बाणवावी आणि शेवटी वस्त्र चढवावे. हा क्रम पाळणाऱ्या संस्थेस साध्या अ‍ॅप्रन व मोज्यांतही निर्धास्तपणे काम करता येईल. आपापल्या महाविद्यालयांत व औषधनिर्मिती कारखान्यांत नव्या सत्राच्या आरंभी सदस्यांनी या दृष्टीने एकदा प्रयोगशाळेची पाहणी करावी, ही विनंती.